हेडसेट १०, पोरं ५४

पत्र:

नमस्कार ताई,
मी कळव्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते, गेल्या वर्षीपासून भूगोलही माझ्याकडेच आलाय. दिवाळीच्या आधी एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, शाळेला १० व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट मिळाले, डोळ्यांवर घातले की आपण त्या दृश्याच्या आत असल्यासारखं वाटतं ते. माझ्या वर्गात ५४ मुलं. डेमोच्या दिवशी ट्रेनरने रोलर कोस्टर दाखवला, मुलं खूश झाली, पण एकाला उलटी झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याची आई येऊन भांडून गेली की पोराचे डोळे खराब झाले तर जबाबदार कोण. मुख्याध्यापक सर म्हणतात आठवड्याला दोन तास व्हीआरचे झालेच पाहिजेत, कंपनीला फोटो आणि रिपोर्ट पाठवायचाय, जानेवारीच्या पालकसभेत दाखवायचंय, आणि पुढे पाचवीलाही सुरू करायचंय. डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, सही माझी आहे. पेशीच्या धड्याला मी एकदा वापरून बघितलं तर ३५ मिनिटांत निम्म्या मुलांनाही मिळालं नाही, उरलेल्यांनी गोंधळ घातला, आणि नंतर काय दिसलं विचारलं तर "भारी होतं बाई" एवढंच. मला स्वतःला तो घातला की गरगरतं. सरळ नाही म्हणून टाकू का? की मीच जुनाट विचारांची झालेय?
एक विज्ञान शिक्षिका, कळवा

उत्तर:

बाई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही जुनाट वगैरे अजिबात नाही. तास संपल्यावर पोरांना काय दिसलं हे विचारलंत आणि "भारी होतं बाई" हे उत्तर तुम्हाला पुरलं नाही, तुमच्या अख्ख्या पत्रात मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटली. तर नाही म्हणून टाकू नका, पण आठवड्याला दोन तास हेही कबूल करू नका. मला विचाराल तर आठवीच्या वर्षभराच्या विज्ञान-भूगोलात पाच-सहा वेळाच ते हेडसेट कपाटातून बाहेर निघावेत, पण ज्या दिवशी निघतील त्या दिवशी पोरं ते घालायच्या आधी काय करणार आणि काढल्यावर काय करणार हे तुमचं आधीच ठरलेलं असावं, कारण खरं शिकणं होतं ते हेडसेट काढल्यानंतर. माझं म्हणणं एवढंच आहे, खाली लिहितेय ते सगळं हे जमवायचं कसं त्याबद्दल.

आणि हे मी मनचं सांगत नाहीये. २०१८ साली अमेरिकेत जोसेलिन पॅरोंग आणि रिचर्ड मेयर या दोघांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला, एका गटाला हेडसेट घालून रक्तवाहिनीतून आणि पेशीच्या आतून फिरवून आणलं आणि दुसऱ्या गटाला तीच माहिती साध्या स्लाइड्सवर दाखवली. मजा हेडसेटवाल्यांना जास्त आली, पण नंतरच्या चाचणीत मार्क स्लाइडवाल्यांना जास्त पडले. पुढच्या वर्षी डेन्मार्कच्या गिडो माक्रान्स्कींनी मेयर यांच्याबरोबर प्रयोगशाळेचं एक सिम्युलेशन, म्हणजे आभासी नक्कल, कॉम्प्युटरवर आणि हेडसेटमधे असं दोन्हीकडे करून बघितलं, तिथेही तेच, आपण तिथे खरोखर आहोत असं हेडसेटमधे जास्त वाटलं आणि शिकणं कमी झालं. डोकं बघण्यातच इतकं गुंतून जातं की समजून घ्यायला जागाच उरत नाही. पण पॅरोंग-मेयर यांच्या त्याच कामात आणखी एक भाग होता जो विकणारे कधी सांगत नाहीत आणि विरोध करणारेही सांगत नाहीत, त्यांनी तोच व्हीआर धडा तुकड्या-तुकड्यात दाखवला आणि प्रत्येक तुकड्यानंतर मुलांना आत्ता काय कळलं ते स्वतःच्या शब्दात लिहायला लावलं, तर त्या मुलांना नुसतं बघणाऱ्यांपेक्षा चांगले मार्क पडले आणि मजाही कमी झाली नाही. तुमची पोरं "भारी होतं" म्हणून थांबली त्यात पोरांचा काही दोष नाही, त्यांना थांबून सांगायला वेळच मिळाला नव्हता.

आता पेशीचाच धडा परत घेऊ, कारण तुम्ही तो करून बघितलाय आणि हेडसेटसाठी तो चांगला धडा आहे.

आदल्या दिवशी कांद्याचा पापुद्रा. तुमच्याकडे सूक्ष्मदर्शक दोन असोत नाहीतर एक, आयोडीनचा थेंब टाकून ती काचपट्टी प्रत्येक पोराने स्वतःच्या डोळ्याने बघितलीच पाहिजे, मग हेडसेट. हा क्रम उलटा केलात तर पोरांना कांदा फिका वाटतो, विटांच्या भिंतीसारखं काहीतरी दिसतं आणि बस, म्हणून खरी वस्तू आधी. ती बघून झाली की वहीत एक पान द्या, "या एका विटेच्या आत तुम्ही शिरलात तर काय दिसेल ते काढा." पुस्तक बंद. बहुतेक पोरं एक चपटा गोल काढतील आणि मधे ठिपका, कारण आयुष्यभर पेशी कागदावरच बघितलीय, तिला खोली असते हे कोणी सांगितलेलंच नसतं. ती चित्रं जमा करून ठेवा, तपासू नका, लाल पेन लावू नका.

दुसऱ्या दिवशी हेडसेट, आणि तोही जोडीने. एकाने घालायचा आणि बोलायचं, दुसऱ्याने शेजारी बसून ऐकायचं, प्रश्न विचारायचे आणि न बघता चित्र काढायचं. मग अदलाबदल. घणसोलीच्या एका शाळेत असा तास मी मागच्या बाकावर बसून बघितलाय, एक मुलगी हेडसेट घालून म्हणाली, "अगं हे रिकामं नाहीये, सगळीकडे पडदे पडदे आहेत," तर शेजारची पेन्सिल धरून विचारते, "पडदे म्हणजे कसे, सरळ की घड्या घातलेले?" मग पहिलीने मान वाकवून परत नीट बघितलं आणि म्हणाली, "घड्या. आणि घड्यांवर बारीक बारीक दाणे चिकटलेत." बाई, ही आंतर्द्रव्यजालिका आणि तिच्यावरचे रायबोझोम, आणि ते त्या मुलींनी स्वतःच्या शब्दात गाठलं, नाव बाईंनी नंतर फळ्यावर लिहिलं तेव्हा दोघीही जवळपास ओरडल्याच. शेजारच्या मुलीने तो प्रश्न विचारला नसता तर पहिलीने परत बघितलंच नसतं, म्हणून जोडी मोडू नका, हेडसेट ५४ असते तरी मी जोडीनेच घ्या म्हणाले असते.

आवाज बंद ठेवा. त्या धड्यांमधलं निवेदन बहुतेक वेळा इंग्रजीत असतं आणि मराठी माध्यमाच्या पोराला एकाच वेळी अनोळखी दृश्य आणि अनोळखी भाषा हे जड जातं, शब्द निसटतात आणि मग ते पोर नुसतं डोकं फिरवत बसतं. तंतुकणिका, रिक्तिका, गॉल्गी संकुल हे पेशीतल्या भागांचे शब्द त्यांच्या पुस्तकातले आहेत, ते तुमच्याच तोंडून येऊ देत.

आणि हेडसेट काढला की लगेच चार मिनिटं सगळे गप्प, वहीत तेच चित्र परत. कालचं आणि आजचं शेजारी शेजारी. मग तुम्ही असे प्रश्न विचारायचे जे तो प्रोग्रॅम कधीच विचारत नाही. तंतुकणिका खरंच केशरी असतात का? नसतात, रंग ज्याने ते बनवलं त्याने भरलेत. पेशीत एवढी मोकळी जागा असते का? नसते, आत प्रचंड दाटी असते, ती दाखवली तर काहीच दिसणार नाही म्हणून काढून टाकलीय. आणि आकाराचं गणित तर जरूर करा. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी लांबीला मिलिमीटरच्या साधारण पाव भागाएवढी धरा, हेडसेटमधे ती तुमच्या वर्गाएवढी म्हणजे ६ मीटर दिसली तर ती २४,००० पट मोठी झाली. आता त्याच पटीत दीड मीटर उंचीचं पोर मोठं केलं तर त्याची उंची होईल ३६ किलोमीटर, म्हणजे ठाण्याला आडवं झोपवलं तर डोकं सीएसएमटीच्याही पलीकडे जाईल. हे फळ्यावर केलंत ना की वर्ग शांत होतो, कारण हेडसेटमधे लहान-मोठ्याचं भान पार सुटतं आणि ते परत आणून देणं हे शिक्षकाचंच काम आहे.

आता वेळ आणि गोंधळ. ३५ मिनिटांच्या तासात हे बसणारच नाही, कोणाच्याच वर्गात बसत नाही, तेव्हा ते मनाला लावून घेऊ नका. शेजारच्या तासाच्या बाईंशी अदलाबदल करून सलग दोन तास मागून घ्या, ७० मिनिटं. ५४ पोरांचे १८-१८ चे तीन गट. एक गट हेडसेटपाशी, ९ जोड्या ९ हेडसेट, दहावा राखीव कारण एक तरी ऐनवेळी दगा देतोच. दुसरा गट मातीची किंवा भिजवलेल्या कणकेची पेशी करतोय, तिसरा सूक्ष्मदर्शकाशी आणि वहीशी. प्रत्येक जागी २० मिनिटं, हेडसेटपाशी एकाला सहा मिनिटं, मग अदलाबदल आणि दुसऱ्याला सहा, बाकीचा वेळ घालण्या-काढण्यात आणि पुसण्यात जातो. तुम्ही एकट्याने हे करू नका, प्रयोगशाळा परिचर असतील तर ते, नाहीतर नववीची चार शहाणी पोरं आधी तयार करून ठेवा, ती हे काम फार जबाबदारीने करतात. धडा आदल्या दिवशीच डाउनलोड करून उघडून ठेवा, शाळेच्या वायफायवर दहा हेडसेट एकदम लावलेत तर तास चाकं फिरताना बघण्यातच संपेल. बॅटरी साधारण दोन तास चालते, त्यामुळे सकाळी चार्ज आणि प्रत्येकावर नंबरचं स्टिकर.

उलटीबद्दल. तो मुलगा नाजूक वगैरे नव्हता, त्या ट्रेनरने मुळात रोलर कोस्टर दाखवायलाच नको होता. डोळे सांगतायत की आपण सुसाट खाली चाललोय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतोय की आपण बाकावर स्वस्थ बसलोय, मेंदूला दोन्हीकडून वेगवेगळी खबर येते आणि पोटात ढवळतं, काहींना बसमधे पुस्तक वाचताना होतं तेच. म्हणून ज्यात दृश्य आपोआप पुढे सरकतं असं काहीही वर्गात नको, पोराने जागेवर बसून फक्त मान फिरवायची आणि दृश्य जागच्या जागी, असेच धडे निवडा. पोरं बसलेलीच असू देत, उभं राहून नको, आणि डबा खाल्ल्या खाल्ल्या नको. कोणाला जरा जरी कसंतरी वाटलं तर त्याने तिथेच काढून टाकायचा, "अजून थोडं बघ" म्हणायचं नाही, आणि ज्याला घालायचाच नाही त्याला कारण न विचारता शेजारच्या जोडीत चित्र काढायला बसवायचं. ज्या मुलाला कधी फिट आलीय त्याला अजिबात द्यायचा नाही. हेडसेट बनवणाऱ्या मेटासारख्या कंपनीच्या स्वतःच्या सूचनापत्रकात लिहिलेलं असतं की साधारण ४,००० मधे एखाद्याला जोराची चक्कर, फिट असा त्रास होऊ शकतो, आणि ज्यांना आधी कधी फिट आलीय त्यांना धोका जास्त असतो, तेव्हा पालकांना हे आधी लेखी विचारून घ्या.

त्या आईला मात्र परत बोलवा, माझ्या वतीने हा आग्रह समजा. तिचा प्रश्न बरोबर होता आणि तिला कोणी नीट उत्तर दिलं नाही. तिला हेडसेट हातात द्या, घालू द्या, आणि सांगा की आतला पडदा भिंगांमुळे डोळ्यांना एका ठराविक अंतरावर भासतो पण चित्रातल्या वस्तू जवळ-लांब दिसतात, त्यामुळे डोळ्यांची थोडी ओढाताण होते आणि ते थकतात, म्हणूनच आपण सहा मिनिटांच्या वर जात नाही. एवढ्याशा वापराने चष्मा लागतो असं काही सिद्ध झालेलं नाही, पण तासन्‌तास घरी घालून बसणं ही वेगळी गोष्ट, हेही सांगा. दुसरं एक तांत्रिक आहे पण उपयोगाचं, भिंगांमधलं अंतर आपल्या दोन बाहुल्यांमधल्या अंतराशी जुळावं लागतं आणि मुलांचं ते अंतर मोठ्यांपेक्षा कमी असतं, मेटा या (फेसबुकवाल्या) कंपनीच्या क्वेस्ट टू हेडसेटमधे सगळ्यात कमी सेटिंग ५८ मिलिमीटरचं आहे, काही बारीक चणीच्या पोरांना तेही जास्त पडतं आणि सगळं धूसर दिसतं. धूसर दिसतंय म्हणणाऱ्याला जबरदस्ती करू नका. आणि तेच पोर फळ्यावरचंही डोळे बारीक करून वाचत असेल तर आईवडिलांना डोळे तपासून घ्यायला सांगा.

पाचवीला तर नकोच. मेटाने आपल्या हेडसेटला आधी १३ वर्षांची मर्यादा ठेवलेली, २०२३ मधे ती १० वर आणली पण १० ते १२ च्या मुलांसाठी पालकांनी उघडलेलं आणि पालकांच्या ताब्यातलं अकाउंट लागतं असं सांगितलं. तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचे असतील तर त्यांचा कागद काढून बघा आणि तो सरांपुढे ठेवा, तुमच्या मतापेक्षा तो कागद जास्त काम करेल. पाचवीच्या पोरांना अजून हातात धरून, उलटंसुलटं करून, तोडून बघायचंय, त्यांना ते करू द्या.

स्वच्छतेचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. आपल्या पोरांच्या केसांना खोबरेल तेल असतं, वेण्या असतात, घाम असतो, आणि हो, उवाही असतात, दहा हेडसेट ५४ डोक्यांवर फिरले की एका आठवड्यात तो स्पंज काळा पडतो. स्पंजवर पुसता येणारं सिलिकॉनचं कव्हर घाला, प्रत्येक पोरामागे ते पुसा, आणि पट्ट्याखाली घरून आणलेला स्वच्छ रुमाल बांधायला सांगा, शाळेचा एकच रुमाल सगळ्यांना नको. भिंगांना सॅनिटायझर अजिबात लावायचं नाही, खराब होतात, कोरडं मऊ फडकं पुरे. आणि खिडकीपाशी उन्हात उघडे ठेवू नका, भिंगातून ऊन आत एकवटतं आणि पडद्यावर कायमचा डाग पडतो. पावसाळ्यात तर आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरेल, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

आणि एक नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात: ज्याने हेडसेट घातलाय त्याला कोणीही हात लावायचा नाही. टपली नाही, गुदगुल्या नाहीत, काही नाही. त्या पोराला आजूबाजूचं काही दिसत नसतं, आठवीतल्या मुलीच्या बाबतीत तर ही गोष्ट फारच गंभीर आहे, हा नियम मोडणाऱ्याला त्या दिवशी हेडसेट नाही, चर्चा नाही.

कोणता धडा निवडायचा याला स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांची कसोटी मला पटते. ते स्वतः वर्षानुवर्षं व्हीआरची लॅब चालवतात आणि तेच म्हणतात की जी गोष्ट प्रत्यक्षात करणं धोक्याचं, अशक्य, नुकसान करणारं किंवा फार खर्चिक आहे त्यासाठीच व्हीआर वापरा. पेशीच्या आत जाणं अशक्य, म्हणून बसतं. भूगोलात सागरतळरचना बसते. पृथ्वीचे अंतरंगही बसतं, पण तिथे मला एक भीती आहे आणि ती जरा सविस्तर सांगते.

आतापर्यंत माणसाने खोदलेलं सगळ्यात खोल छिद्र रशियात कोला इथे आहे, १२,२६२ मीटर, म्हणजे सव्वाबारा किलोमीटर, आणि पृथ्वीची त्रिज्या आहे ६,३७१ किलोमीटर. गाभा कोणीही बघितलेला नाही, कधी बघणारही नाही. गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा अंतर्गाभा आहे हे इंगे लेहमान या डॅनिश बाईंनी १९३६ मधे मांडलं ते भूकंपाच्या लहरी कुठे पोचतात आणि कुठे पोचत नाहीत हे कागदावर ताडून. ही केवढी मोठी गोष्ट आहे! आणि हेडसेटमधे काय होतं, तर पोर लिफ्टने खाली गेल्यासारखं गाभ्यापाशी उतरतं, सगळं लालभडक झळाळत असतं, आणि बाहेर येऊन म्हणतं मी बघितलं. कसं कळलं हा प्रश्नच पुसला जातो. म्हणून तिथे हेडसेट काढल्यावर पहिला प्रश्न हा, "हे कोणी बघितलंय?" आणि मग भूकंपलहरी शिकवा, त्यासाठी इतका चांगला क्षण परत मिळणार नाही. एक सवयच लावा, प्रत्येक वेळी पोरांनी वहीत लिहायचं की आज बघितलं तो फोटो होता की चित्र. मंगळावर २०१२ मधे उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीने काढलेले चारही बाजूंचे फोटो हेडसेटमधे बघता येतात, तो खरा मंगळ, गाभा मात्र चित्र, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच खरे वाटतात.

जे हाताशी आहे त्यासाठी हेडसेट कपाटातून बाहेर काढूच नका. त्यात खारफुटीचा नाहीतर जंगलाचा धडा असेल तर राहू दे तिथेच, विटाव्यावरून ऐरोली किती लांब आहे, तिथे वनविभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, पुढ्यात ठाण्याची खाडी आहे जी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत फ्लेमिंगो असतात. चिखलाचा वास, खारफुटीची वर आलेली मुळं, ओहोटीला उघडा पडलेला काठ, यातलं काहीही हेडसेटमधे येत नाही. शिवाय क्षेत्रभेट तुमच्या आठवीच्या भूगोलात धडा म्हणूनच आहे. विज्ञानातलंही बरंच काही प्रोजेक्टरवर जास्त चांगलं होतं, फेट (PhET) या वेबसाइटवरची सिम्युलेशन्स फुकट आहेत आणि त्यातली कितीतरी मराठीत आहेत, सी-डॅक आणि अमृता विद्यापीठाच्या ऑनलाइन लॅब्स आहेत, तिथे ५४ पोरं एकदम बघतात आणि तुम्हाला त्यांचे चेहरे दिसतात.

आता सर. त्यांच्याशी भांडू नका, त्यांच्यावर कंपनीचं दडपण आहे आणि शाळेचं नाव व्हावं असं त्यांना वाटतं यात वाईट काही नाही. त्यांना आठवड्याला दोन तासांऐवजी वर्षाचा आराखडा एका कागदावर द्या, कोणत्या महिन्यात कोणता धडा, सहा ओळी बस. कंपनीला रिपोर्टमधे हेडसेट घातलेल्या पोरांच्या फोटोऐवजी आधीचं चित्र आणि नंतरचं चित्र अशा जोड्या पाठवा, पैसे देणाऱ्यालाही आपले पैसे कुठे गेले ते त्यातून जास्त कळेल, आणि पालकसभेत त्याच जोड्या भिंतीवर लावा. पालकांना घालून बघायचा असेल तर जरूर द्या, रोलर कोस्टर सोडून.

रजिस्टरवरची सही मला पटलेली नाही. शिकवणाऱ्या बाईवर लाखाच्या घरातल्या वस्तूंची जबाबदारी टाकली की ती वस्तू कपाटातून बाहेरच निघत नाही, हे आपल्या शाळांमधे कॉम्प्युटरपासून चालत आलंय. सरांना लेखी विचारा की तुटला, हरवला तर खर्च कोणाचा, दुरुस्ती कोण करणार, किती वर्षं. आणि धड्यांचं वर्गणीचं काय आहे ते कंपनीकडून लिहून घ्या, पहिलं वर्ष फुकट असतं आणि नंतर पैसे भरले नाहीत की हेडसेट रिकामा. गूगलसारख्या कंपनीनेसुद्धा शाळांसाठीचं एक्सपिडिशन्स हे अॅप २०२१ मधे बंद केलं आणि ज्या शिक्षकांनी त्यावर धडे बसवले होते त्यांना नव्याने शोधाशोध करावी लागली, तेव्हा तुमचा तास कुठल्याही एका अॅपवर अवलंबून ठेवू नका. पोरांच्या नावाने अकाउंट काढू नका, शाळेच्या नावाने काढा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलंय आणि मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची परवानगी हवी असं म्हटलंय, आणि हे हेडसेट तर डोक्याच्या हालचालीपासून आजूबाजूच्या खोलीपर्यंत बरंच काही टिपत असतात.

राहिलं तुमचं गरगरणं. तुम्ही घातलाच पाहिजे असं काही नाही, आणि पोरं आत असताना तर तुम्ही घालायचाच नाही, तेव्हा तुमचे डोळे वर्गावर हवेत. आत काय दिसतंय ते टॅबवर किंवा प्रोजेक्टरवर बघता येतं, त्याला कास्टिंग म्हणतात, ट्रेनरला परत बोलावून एवढं एकच शिकून घ्या. धडा निवडताना बघायचा असेल तर बसून, पंख्याखाली, दोन-दोन मिनिटं, आणि जिथे तुम्हाला गरगरलं तो धडा यादीतून काढून टाका, तुम्हाला झालं ते वर्गातल्या चार-पाच जणांना होणारच आहे. पेशीचा तास परत घेतलात की दोन्ही दिवसांची थोडी चित्रं मला पाठवा, पोरांची नावं झाकून. मला ती बघायचीच आहेत.